आधी पाट, मग रांगोळी

पुस्तकांची परीक्षणे आपण लिहितो, नाटकांची लिहितो, चित्रप्रदर्शनांचीही लिहितो. परंतु दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पिंपरीपासून चाकणपर्यंत आपल्या घराघरांतून जे एक मोठे प्रदर्शन भरते, त्याच्या वाट्याला परीक्षण कधी आलेले नाही. दारावरचा तारा, कोपऱ्यातला गोठा, झाड, दिव्यांच्या माळा आणि सणाच्या मेजवानीसाठी मांडलेले टेबल ही सारी मिळून एक कलाकृतीच असते. तिच्यावर बुद्धी खर्च झालेली असते, रात्रीची झोप खर्च झालेली असते, पैसा तर झालेलाच असतो. मग तिची बरीवाईट चर्चा का होऊ नये? 'छान केलंय हो' असे म्हणून केकचा तुकडा तोंडात टाकणे ही काही रसिकता नव्हे. घरोघर आशीर्वादासाठी फिरणाऱ्या धर्मगुरूला एका संध्याकाळी पंधरा-वीस घरे पाहावयास मिळतात. तुलनेची इतकी सोय दुसऱ्या कोणास नसते. त्या सोयीच्या बळावर, आणि तिचा आमच्या हातून एकदा जो गैरवापर झाला त्याची कबुली देण्यासाठी, आम्ही हे लिहीत आहोत.

आपल्या पट्ट्यातील घरांचा इतिहास फार जुना नाही. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीस बजाज आली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे त्या वेळच्या नगरच्या, श्रीरामपूर-राहाता भागातून, जालन्याकडून, वसईहून, गोव्याहून, मंगळूर-केरळकडून माणसे आली आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये किंवा चाळीत राहू लागली. त्या खोल्यांतील नाताळची सजावट आम्ही लहानपणी पाहिली आहे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि घरी शिजवलेली खळ यांतून तारा उभा राही. शेजाऱ्यांचा दिवाळीचा आकाशकंदीलही त्याच कामट्यांचा आणि त्याच कागदाचा असे. क्रेप कागदाच्या पिळलेल्या झालरी खोलीच्या चारी कोपऱ्यांतून निघून छतावरच्या पंख्याच्या हुकाशी एकत्र येत. पंखा फिरविण्याचा प्रश्न नसे. डिसेंबरची थंडी त्यास कारण होती आणि झालरीही. दुपारी खाट उचलून गॅलरीत ठेवली जाई, चटया अंथरल्या जात, आणि माणसांची पंगत बसे. टेबल नव्हतेच, त्यामुळे टेबलाच्या सजावटीचा प्रश्नही नव्हता.

पुढे 1982 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. क्वार्टर सोडून मंडळी निगडी, चिखली, मोशी, रावेत येथील सदनिकांत गेली. चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 साली सुरू झाला. घरात दिवाणखाना आला, दिवाणखान्यात जेवणाचे टेबल आले, आणि टेबलाबरोबर पिंपरी कॅम्पातल्या घाऊक दुकानांतून सोनेरी रिबिनी, चकचकीत गोळे व प्लास्टिकचे झाड आले. यात खंत करण्यासारखे काही नाही. ज्या हातांनी पाळ्या केल्या, त्या हातांनी स्वतःच्या घरात चार सुंदर वस्तू मांडाव्यात हे योग्यच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. खोली मोठी झाली, पण त्या खोलीतील बसण्याची जागा वाढली काय?

आता कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात 'नाताळ गृहसजावट स्पर्धा' आम्हीच सुरू केली. परीक्षक तिघे: आम्ही, एक चित्रकला-शिक्षक आणि महिला मंडळाच्या एक भगिनी. गुणपत्रकाचे रकाने चार: कल्पकता, मांडणी, साहित्य आणि एकूण परिणाम. प्रत्येकास 25 गुण.

पहिले पारितोषिक ज्या घराला दिले, ते घर खरोखरच सुंदर सजविले होते. हे आजही सांगितले पाहिजे. पांढरा आणि फिका सोनेरी एवढे दोनच रंग. दिवे उघडमीट करीत नव्हते, एकसारखे मंद तेवत होते. गोठा लहान, पण प्रमाणबद्ध. आठ खुर्च्यांच्या टेबलावर शुभ्र कापड, मधोमध हिरव्या पानांची एक लांब ओळ, आणि मेणबत्त्यांच्या जोडीला घरातली जुनी पितळी समई. ही समई ज्याला सुचली, त्याची दृष्टी उसनी नव्हती. आम्ही 91 गुण दिले.

मात्र बसण्याची वेळ आली तेव्हा यजमान संकोचून म्हणाले, "फादर, टेबल उद्याच्या पार्टीसाठी मांडलंय. जरा इकडे या." खुर्च्यांना आवरणे चढवून मागे सोनेरी गाठी बांधल्या होत्या; सोफ्यावर भेटवस्तूंची खोकी रचली होती, तीही सजावटीचीच, आतून रिकामी. आम्ही तिघांनी मधल्या बोळात उभ्याने केक खाल्ला. मग आशीर्वादासाठी आतल्या खोलीचे दार उघडले, तर तेथे घरातल्या आजी पलंगावर बसलेल्या. त्यांची लाकडी खाट एरवी दिवाणखान्यात खिडकीशी असते. रस्त्यावरची वर्दळ पाहत त्या दिवस घालवितात. सजावटीच्या रंगसंगतीत ती खाट बसत नव्हती, म्हणून ती दोन दिवसांसाठी गच्चीवर गेली होती आणि आजी आत आल्या होत्या. "दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे, फादर," आजीच आम्हांस समजावू लागल्या. आम्ही त्यांच्या मस्तकावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि बाहेर आलो. गुण बदलले नाहीत. आजींसाठी गुणपत्रकात रकाना नव्हता.

त्याच संध्याकाळी चाकणजवळ म्हाळुंग्याच्या बाजूस एका कंत्राटी कामगाराच्या एका खोलीत गेलो. गोठा मोटारीच्या सुट्या भागांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात केला होता. बाळ येशू बैलापेक्षा मोठा, थर्माकोलचा चुरा बर्फ म्हणून पसरलेला, आणि दिव्यांची माळ आठ निरनिराळ्या धुना एकामागून एक वाजविणारी. आम्ही 54 गुण दिले आणि तेव्हा ते उदारपणाचे वाटले. पण त्या खोलीत आम्ही पाऊल टाकताच अंथरुणाची वळकटी झाली, चटई आली, आणि भिंतीशी अगोदरच जेवावयास बसलेला, गावी जाऊ न शकलेला एक बिहारी सहकारी सरकून आम्हांस जागा देऊ लागला.

येथे वाचकांस वाटेल की आता 'गरिबाचे घर सुंदर आणि श्रीमंताचे कुरूप' असा उपदेश होणार. तसे आम्हांस म्हणावयाचे नाही. गरिबीने सौंदर्य येते असे मानणे हा भरल्या पोटाचा भाबडेपणा आहे. ती वाजणारी माळ हा दोषच होता; तिच्यामुळे आम्हांस एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. आणि पितळी समईची कल्पना हा गुणच होता. दोन्ही घरांना गुण देताना आम्ही डोळ्यांनी पाहिले ते बरोबरच पाहिले. चुकले ते मोजमाप. सजावट कशासाठी असते हे न ठरविताच आम्ही सजावटीचे गुण मोजीत होतो.

ती कशासाठी असते? याचे उत्तर शोधावयास गोठ्याच्या उगमापाशी जावे लागेल. 1223 सालच्या नाताळास इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी जो गोठा मांडला, त्यात मूर्ती नव्हत्या. सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी तेथील योहान नावाच्या आपल्या स्नेह्यास निरोप धाडला: गव्हाण आण, गवत आण, बैल आणि गाढव आण. एवढेच साहित्य. गव्हाणीवर मिस्साबलिदान झाले, आणि मशाली घेऊन आलेले गावकरी व बंधुजन हेच त्या देखाव्यातील मेंढपाळ ठरले. म्हणजे पहिल्या गोठ्यात सर्वांत मोठी जागा मोकळी ठेवली होती आणि ती माणसांनी भरावयाची होती. 2019 सालच्या 1 डिसेंबरला पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चोत जाऊन गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर सही केली, तेव्हा त्यांनीही त्या गोठ्यात मूर्तींची गरज पडली नव्हती याची आठवण करून दिली. मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, ही घटना ज्या देखाव्यात आपण दाखवितो, तो देखावाच जर घरातल्या म्हातारीची जागा घेऊ लागला, तर आपण गोठा मांडला की उतारशाळा?

यावर काही मंडळी वेगळाच उपाय सुचवितात. त्यांच्या मते सारा दोष परकेपणाचा आहे. प्लास्टिकचे सूचिपर्णी झाड, कापसाचा बर्फ, हिरव्या पर्णचक्रावरच्या आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या हे सारे युरोपातून आले. ते टाकले की सजावट आपोआप शुद्ध होईल. या मताविषयी आम्हांस आदर आहे. आपल्या भाषेत ख्रिस्तजन्माची कथा फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने 1616 सालीच ओवीत आणली. आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून अँजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराने साडी नेसलेली मरिया रंगविली, आणि त्यासाठी स्वकीयांची टीका सोसली. 1967 साली ते वारले. त्यांच्या चित्राची एक साधी प्रतिकृती आपल्या किती दिवाणखान्यांत दिसते? जी चित्रभाषा आपल्या दाराशी जन्मली तिला आपण आत घेतले नाही, हा आरोप खरा आहे. आणि बर्फाविषयी बोलावयाचे तर बेथलेहेममध्येही तो क्वचितच पडतो; चाकणच्या माळावर तर नाहीच.

तरीही केवळ उगमावरून निवाडा करता येत नाही. त्या चार मेणबत्त्यांचेच पाहा. 1839 साली हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न या लुथरन धर्मोपदेशकाने गरीब मुलांच्या वसतिगृहात ही प्रथा सुरू केली असे सांगतात. मुले रोज विचारीत, नाताळ केव्हा? म्हणून त्याने गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या आणि दररोज एक पेटवू लागला. रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. ज्या पट्ट्यात दिवसरात्र चाकेच तयार होतात, तेथे ही कल्पना परकी वाटण्याचे कारण काय? रोमच्या संत पेत्राच्या चौकात नाताळचे झाड प्रथम उभे राहिले ते 1982 साली. म्हणजे तेथेही ते पाहुणेच होते, आणि त्याला जागा मिळाली. वस्तू कोठून आली यापेक्षा ती आल्यावर कोणाला बाहेर जावे लागले, हे आम्ही विचारू.

साहित्याविषयी मात्र थोडे कठोर व्हावे लागेल. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात 2018 सालीच बंदी आली. 1 जुलै 2022 पासून ती देशभर लागू झाली. तरी आपल्या गोठ्यांत तो चुरा दिसतोच. कापूस, थर्माकोल आणि उघडी मेणबत्ती ही तिन्ही एका कोपऱ्यात मांडणे तर धोक्याचेच. याउलट गोव्याकडची एक जुनी रीत आहे. नाताळच्या काही दिवस आधी परडीत किंवा ताटलीत नाचणी अथवा गहू पेरावयाचा आणि उगवलेली कोवळी हिरवळ गोठ्यात मांडावयाची. घटस्थापना पाहिलेल्या शेजाऱ्यांना तिचा अर्थ सांगावा लागत नाही. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातही 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, असाच गहू पेरतात. खर्च मूठभर धान्याचा. आणि रोज पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला देता येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या आपल्या संविधानात पवित्र कलेसाठी श्रीमंती थाटापेक्षा उदात्त सौंदर्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. ती अपेक्षा मंदिरासाठी असली, तरी ती घरात आणण्यास कोणी बंदी केलेली नाही.

काळाचेही प्रमाण बिघडले आहे. आगमनकाळ सुरू होण्यापूर्वीच झाड उभे राहते, चोवीसच्या रात्री पार्टी होते आणि सव्वीस तारखेला सारे खोक्यात जाते. वास्तविक नाताळचा सण पंचविसास सुरू होतो. पुढे आठ दिवस तो त्याच थाटाने चालतो आणि प्रभुप्रकटीकरणाच्या सणानंतर, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ राहतो. आपल्या पट्ट्यात तर या लांबणीची विशेष गरज आहे. ज्याची दुसरी पाळी आहे तो चोवीसच्या मध्यरात्री घरी पोहोचतो, तेव्हा फुगे मऊ पडलेले असतात आणि टेबलावर उष्टी ताटे असतात. त्याच्यासाठी सजविलेले टेबल कोणते? पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आठवड्यातला तो गुरुवार पाहून मेजवानी ठेवली, तर मिळवता माणूस आपल्याच घरच्या सणाला पाहुण्यासारखा उशिरा येणार नाही.

आता प्रत्यक्ष टेबलाकडे वळू. आम्ही पाहिलेल्या टेबलांचे तीन दोष वारंवार आढळतात. पहिला, मधली सजावट फार उंच. फुलांचा मनोरा बसलेल्या माणसाच्या हनुवटीपेक्षा वर गेला की समोरचा माणूस दिसेनासा होतो, आणि माणसे जेवताना आपापल्या मोबाईलकडे वळतात. दुसरा, सुगंधी मेणबत्त्या. पुलाव, नेवरी आणि खोबऱ्याची बर्फी यांना स्वतःचा गंध असतो. त्यावर कृत्रिम गुलाबाचा गंध घालणे म्हणजे भजनात मोटारीचा भोंगा. मावळात खरे गुलाब पिकतात, शेवंती-झेंडू तर कोपऱ्यावर मिळतो. तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो म्हणजे सजावट आधी आणि माणसे नंतर. टेबल आठांचे असते, सजावट आठांची होते, मग बोलावण्याची यादीही आठांचीच होते. नववा माणूस आला की सजावट बिघडते.

आपल्या जुन्या पंगतीची रीत नेमकी उलट होती. आधी माणसे मोजली जात. मग तितके पाट मांडले जात. मग प्रत्येक पाटासमोर, ताटाच्या जागेभोवती रांगोळीची महिरप काढली जाई, उदबत्ती लागे. ऐन वेळी कोणी आलेच तर आणखी एक पाट सरकविला जाई आणि घरातली लेक दोन मिनिटांत आणखी एक महिरप काढी. पाट असल्यावाचून रांगोळीला जागाच नसे. त्या पंगतीतही जातीपातीचे आडपडदे होते. ती निर्दोष होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आडपडदे टाकून द्यावेत. पण आधी पाट, मग रांगोळी हा क्रम मात्र ठेवून घेण्यासारखा आहे, आणि तो काचेच्या टेबलावरही पाळता येतो.

स्पर्धेचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दुसऱ्या वर्षी आम्ही गुणपत्रकात पाचवा रकाना घातला: 'बसावयास जागा'. आम्हांस वाटले, आता चूक सुधारली. त्या वर्षी तीन घरांत एक एक रिकामी खुर्ची खास मांडलेली आढळली. पाठीला रिबीन, समोर 'प्रभूसाठी' असे सोनेरी अक्षरांचे कार्ड. फिरून दमलेले आमचे वृद्ध मिस्त्री-परीक्षक एका घरी त्या खुर्चीवर टेकणार, तोच यजमानीण धावल्या. "अहो बाबा, ती नको, ती सजावटीची आहे!" आम्ही हसलो. मग घरी परतताना वाटेत कोणीच बोलले नाही. रकाना आम्ही वाढविला होता. त्यातून आणखी एक शोभेची वस्तू निर्माण झाली होती. पुढच्या वर्षापासून आम्ही स्पर्धा बंद केली.

त्या पहिल्या पारितोषिकाच्या घरी आम्ही नंतरच्या नाताळास गेलो होतो. दारावर तारा नव्हता. आजी ऑक्टोबरमध्ये गेल्या होत्या. यजमानांनी आम्हांस दिवाणखान्यात बसविले, खिडकीजवळ. खाट आता तेथे नव्हती. ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "जागा आता खूप झालीय, फादर." आम्ही त्यांस गुण दिले होते; त्यांच्या चुकीत आमचा वाटा होता, तो आम्ही त्या दिवशी त्यांच्यापाशी मान्य केला.

वाचकहो, येत्या नाताळास झाड आणा, तारा बांधा, टेबलावर शुभ्र कापड घाला. समई असेल तर तीही काढा. फक्त शिडीवर चढण्यापूर्वी एकदा खोलीच्या मधोमध उभे राहून घरातल्या प्रत्येकाचे नाव घ्या आणि तो कोठे बसेल ते ठरवा. मग ज्याला कोणी बोलावलेले नाही अशा एकाची जागा ठरवा. एवढे झाल्यावर जी जागा उरेल, ती सारी सजावटीची.